देवळातली वही आणि दिल्लीतलं बजेट

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार. बेळगावात खानापूर रोडवरच्या एका सलूनमध्ये मी गळ्याभोवती कापड बांधून बसलो होतो. समोरच्या टीव्हीवर अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांचं भाषण चाललं होतं. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला आयकर नाही, अशी पट्टी खालून सरकली आणि माझ्या कानामागची कात्री थांबली.

“बारा लाख म्हणजे महिन्याला लाख की ओ!” दुकानाचे मालक म्हणाले. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो.

“तुमचं किती होतंय, मामा?” बाकावरच्या पोरानं विचारलं. हशा पिकला. मामांनी कात्री परत चालू केली, पण लक्ष टीव्हीतच. थोड्या वेळानं म्हणाले, “सर, मग आता हे आजपासून लागू न्हवं? पास झालं की बजेट? आणि बेळगावला काय दिलं ते कधी सांगणार?”

मी काहीतरी अर्धवट उत्तर दिलं. कानाजवळ कात्री असताना राज्यघटना समजावता येत नाही. म्हणून हा लेख. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, भाषण झालं त्या दिवशी बजेट पास होत नाही, अजून दीड-दोन महिने जायचे असतात. दुसऱ्याचं उत्तर भाषणात बहुतेक वेळा सापडतच नाही. ते कुठं शोधायचं ते पुढं येईल.

## आधी यात्रेची वही

बेळगाव तालुक्यातल्या गावांना महालक्ष्मीची यात्रा सांगायला नको. दरवर्षी येणारी नव्हे, मधे कित्येक वर्षं जाऊन येणारी, माहेरवाशिणींपासून पै-पाहुण्यांपर्यंत सगळं गाव भरवणारी. आमच्या गावची झाली तेव्हा हिशेबाची वही माझ्याकडे होती.

यात्रेच्या सहा महिने आधी पंच मंडळी बसली. मांडव, रथाची डागडुजी, रंग, वाजंत्री, लाईट, पाण्याचे टँकर असा एकेकाचा अंदाज काढला. बेरीज झाली. मग ही बेरीज भरून निघायला घरटी किती पट्टी बसवायची ते बघितलं, आणि कमी पडेल तेवढं उसनं उचलायचं ठरलं. पण एवढं करूनही पंचांना एक रुपया खर्चता येत नव्हता. त्यासाठी रात्री देवळात गावसभा बसली. मी एकेक बाब मोठ्यानं वाचली. “लाईट” म्हटल्याबरोबर मागून आवाज आला, “एवढी लाईट कुणाला दाखवायची हाय? पाव्हण्यास्नी पाणी मिळंना तर लाईट बघून तहान भागती काय?” दहा मिनिटं त्यावरच गेली. लाईटचा आकडा थोडा खाली आला. टँकरचा मात्र वर गेला नाही. पंच म्हणाले, वाढवायचा तर पट्टी वाढवायला लागेल, कोण वाढवतो बोला. कुणी बोललं नाही. मग “मंजूर, मंजूर” झालं, पेटीची किल्ली खजिनदाराकडे गेली, आणि यात्रा झाल्यावर याच देवळात जमाखर्च वाचायचा असं ठरून सभा उठली.

देशाच्या बजेटचं तत्त्व याहून वेगळं नाही. पंच म्हणजे सरकार, गावसभा म्हणजे लोकसभा, पट्टी म्हणजे कर आणि उसनं उचललेलं म्हणजे तूट. फरक शून्यांचा आहे. २०२५-२६ साठी केंद्र सरकारनं ५० लाख ६५ हजार कोटी रुपयांचा खर्च धरला होता. त्यातले सुमारे १५ लाख ६९ हजार कोटी उसने.

सगळ्या लेखाची गुरुकिल्ली त्या टँकरच्या किश्श्यात आहे. सभेला कमी करता येतं, नाकारता येतं, पण वाढवता येत नाही. ते का, हेही पुढं.

## संकल्प आणि मुंगड पत्र

आपण मराठीत अर्थसंकल्प म्हणतो. पूजेला बसताना हातावर पाणी घेऊन सोडतात तसला संकल्प. त्याच दिवशी शेजारच्या दुकानात कन्नड पेपर बघितला तर तिथं ‘मुंगड पत्र’ असतं, म्हणजे आगाऊ मांडलेला कागद. मला दोन्ही शब्द बजेटपेक्षा बरे वाटतात, कारण दोन्हींत एक गोष्ट स्पष्ट आहे: हे झालेलं नाही, करायचं आहे. घटनेत बजेट हा शब्दच नाही. कलम ११२ एवढंच सांगतं की दर आर्थिक वर्षासाठी येणाऱ्या-जाणाऱ्या पैशाच्या अंदाजाचं एक ‘वार्षिक वित्तीय विवरणपत्र’ राष्ट्रपतींनी दोन्ही सभागृहांपुढे ठेववायचं. म्हणजे अंदाजपत्रक. आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च.

## सरकारच्या तीन पेट्या

सरकारचा पैसा तीन ठिकाणी असतो.

मोठी पेटी म्हणजे भारताचा संचित निधी. आयकर, जीएसटी, सीमाशुल्क, काढलेलं कर्ज, सगळं इथं येतं आणि जवळजवळ सगळा खर्च इथूनच होतो. या पेटीला संसदेचं कुलूप आहे. कायदा केल्याशिवाय यातून एक पैसा निघत नाही, असं कलम ११४ सांगतं. कायद्याशिवाय कर बसवता येत नाही, असं कलम २६५. पैसा आत घ्यायलाही संसदेचा कायदा आणि बाहेर काढायलाही, असं हे दुहेरी कुलूप आहे.

दुसरी छोटी पेटी आकस्मिकता निधीची, पूर-भूकंप असलं काही अचानक आलं तर हाताशी असावी म्हणून. २०२१ पर्यंत त्यात फक्त ५०० कोटी असत, आता ३०,००० कोटी आहेत. तिसरी पेटी लोकलेख्याची. तीत पोस्टातली अल्पबचत, भविष्य निर्वाह निधी असला पैसा असतो. तो सरकारचा नव्हेच, सांभाळायला दिलेला. भिशीचे पैसे खजिनदाराच्या कपाटात असले म्हणून ते यात्रेचे होत नाहीत, तसं.

मोठ्या पेटीतला काही खर्च असा असतो की त्यावर संसदेत मतदानच होत नाही. त्याला ‘भारित’ खर्च म्हणतात. राष्ट्रपती, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, महालेखापाल यांचे पगार त्यात येतात. यांनी कुणाच्या मर्जीवर राहू नये म्हणून. ते समजण्यासारखं आहे. पण त्यातला सर्वांत मोठा भाग आहे कर्जावरच्या व्याजाचा. २०२५-२६ च्या बजेटमध्ये सरकारच्या हातून जाणाऱ्या प्रत्येक रुपयातले २० पैसे व्याजाचे होते. ज्याचं कर्ज घेतलं त्याचं व्याज देऊ की नको, असं मतदानाला टाकलं तर पुढच्या वेळी दारात कोण उभं करेल?

## मांडणी कोण करतं?

संसद बजेट तयार करत नाही. ते काम सरकारचं. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात अर्थ मंत्रालयाचं परिपत्रक सगळ्या खात्यांना जातं: पुढच्या वर्षी किती लागेल ते कळवा, आणि यंदा दिलेल्यातलं किती खरोखर खर्च झालं तेही कळवा. मग प्रत्येक खात्याबरोबर बैठका आणि घासाघीस. ज्यानं यंदाचं खर्चलं नाही त्याची बाजू लंगडी. नंतर उद्योग, शेती, कामगार यांच्या प्रतिनिधींच्या भेटी होतात. शेवटी छपाईच्या आधी नॉर्थ ब्लॉकमध्ये हलव्याची मोठी कढई चढते, मंत्री डाव फिरवतात, आणि बजेटवर काम करणारी माणसं भाषण होईपर्यंत आत कोंडून घेतात. घरी फोनसुद्धा नाही.

आपल्या घरातही पाहुण्यांसमोर वाढण्याआधी स्वयंपाकघराचं दार लोटलेलं असतं. पण घासाघीस ही आतच होते, हे लक्षात ठेवायला हवं. बेळगावसाठी काही हवं असेल तर खासदारानं, चेंबर ऑफ कॉमर्सनं, शेतकरी संघटनेनं दिवाळीच्या आसपास दार वाजवायला पाहिजे. फेब्रुवारीत निवेदन देऊन फोटो काढला तर पेपरात येतो, एवढंच.

एक अवांतर. सीमाभागात अर्थमंत्री म्हटलं की जुन्या माणसांना अजून चिंतामणराव देशमुख आठवतात. १९५० ते १९५६ त्यांनी देशाची तिजोरी सांभाळली आणि मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडले.

## १ फेब्रुवारी ते ३१ मार्च

मामांच्या पहिल्या प्रश्नाला आता नीट उत्तर देतो. त्याच २०२५ चं उदाहरण घेऊ, तारखांसकट.

१ फेब्रुवारीला भाषण झालं, कागद सभागृहापुढे आले. २०१७ च्या आधी हा दिवस फेब्रुवारीच्या अखेरीस असे, आणि रेल्वेचं बजेट वेगळं मांडलं जाई. भाषणानंतर काही दिवस दोन्ही सभागृहांत सर्वसाधारण चर्चा झाली. यात मतदान नसतं. १३ फेब्रुवारीला सभागृहं उठली ती थेट १० मार्चला बसली.

हा मधला जवळजवळ महिना टीव्हीवर दिसत नाही, पण माझ्या मते सगळ्यात कामाचा तोच. १९९३ पासून संसदेत खात्यांनुसार स्थायी समित्या आहेत, आता २४. प्रत्येकीत ३१ जण: २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे, सगळ्या पक्षांचे. प्रत्येक खातं आपल्या खर्चाची जी यादी देतं तिला ‘अनुदानाची मागणी’ म्हणतात. या मागण्या समितीपुढे जातात. खात्याचे सचिव येऊन बसतात आणि त्यांना विचारलं जातं, गेल्या वर्षीचे का उरले, या योजनेला एवढे कमी का. कॅमेरा नसल्यामुळे विरोधकही आरडाओरडा करत नाहीत आणि सत्तेतलेही अवघड प्रश्न विचारतात. समितीचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो, पण सरकारनं त्यावर काय केलं ते कळवावं लागतं.

मार्चमध्ये लोकसभा मागण्या एकेक करून मतदानाला घेते. शंभराच्या आसपास मागण्या. चर्चा होते त्यातल्या चार-पाच खात्यांवर. बाकीच्या ठरलेल्या दिवशी एकदम मताला टाकून मंजूर होतात. याला ‘गिलोटिन’ म्हणतात, फ्रान्समधल्या मुंडकं उडवणाऱ्या यंत्रावरून. २०२५ मध्ये हे २१ मार्चला झालं. त्याच दिवशी ‘विनियोजन विधेयक’ मंजूर झालं. मोठ्या पेटीची किल्ली म्हणजे हे विधेयक. मंजूर मागण्यांएवढाच पैसा काढायची परवानगी त्यात असते.

आता उरले कर. ते ‘वित्त विधेयकात’ असतात. लोकसभेनं ते २५ मार्चला मंजूर केलं, सरकारनं स्वतःच सुचवलेल्या ३५ दुरुस्त्यांसकट. म्हणजे भाषणातलं आणि कायद्यातलं शब्दशः एकच असतं असंही नाही. राज्यसभेनं ते २७ मार्चला परत पाठवलं. राष्ट्रपतींची सही झाल्यावर १ एप्रिलपासून मामांचे बारा लाख लागू झाले.

अपवाद एकच, पण सराफ कट्ट्यावर तो सगळ्यांना माहीत असतो. सीमाशुल्कासारखे काही कर रातोरात बदलतात, नाहीतर लोक साठे करून बसतील. जुलै २०२४ च्या बजेटमध्ये सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं ते दुसऱ्या दिवशीपासून लागू होतं. त्यासाठी वेगळा कायदा आहे. मात्र वित्त विधेयक ७५ दिवसांत मंजूर व्हावंच लागतं.

आणि मार्चअखेर मंजुरी झाली नाही तर? मग ‘लेखानुदान’, म्हणजे काही महिन्यांपुरता पगार-पेन्शन भागेल एवढा हातउसना परवाना. २०२४ मध्ये निवडणुकीमुळे असंच झालं. पूर्ण बजेट आलं २३ जुलैला.

राज्यसभेचं या सगळ्यात काय? चर्चा करता येते, मागण्यांवर मत देता येत नाही. पैशाचं विधेयक १४ दिवसांच्या आत परत पाठवायचं, त्यांच्या शिफारशी लोकसभेनं घेतल्या तर घेतल्या. यातली एक गंमत आपल्या घरचीच आहे. निर्मला सीतारामन २०१६ पासून राज्यसभेवर आहेत त्या कर्नाटकातून, म्हणजे आपल्याच आमदारांच्या मतांवर. मंत्री म्हणून त्या लोकसभेत बजेट मांडतात, चर्चेला उत्तर देतात, पण मतदानाची वेळ आली की त्यांना तिथं हात वर करता येत नाही.

## “मग आमचा खासदार बेळगावसाठी वाढवून का घेत नाही?”

कारण घटनेनं ती सोय ठेवलेली नाही. कलम ११३ प्रमाणे लोकसभेला तीनच गोष्टी करता येतात: मागणी मान्य करणं, नाकारणं, किंवा कमी करून मान्य करणं. आणि राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय, म्हणजे सरकारच्या इच्छेशिवाय, कुठलीच मागणी मांडता येत नाही. ५४३ खासदारांनी आपापल्या मतदारसंघाचे आकडे वाढवायला सुरुवात केली असती तर? आमच्या यात्रेत प्रत्येक गल्लीनं आपल्या तोंडाशी एक मांडव मागितला असता.

खासदाराकडे हत्यार आहे ते ‘कपात सूचने’चं. ती तीन प्रकारची. एखाद्या खात्याचं धोरणच मान्य नसेल तर मागणी एक रुपयावर आणा म्हणायचं. उधळपट्टी वाटत असेल तर अमुक रक्कम कमी करा म्हणायचं. आणि तिसरी मला फार आवडते: मागणीतून शंभर रुपये कमी करा. हजारो कोटींतून शंभर. पैसा वाचवायला नव्हे, एक ठरावीक तक्रार सभागृहात नोंदवायला. लोंढ्याच्या स्टेशनपासून खानापूरच्या रस्त्यापर्यंत कुठलंही गाऱ्हाणं या शंभर रुपयांच्या पाठीवर बसून दिल्लीच्या इतिवृत्तात जाऊ शकतं. सूचना मंजूर मात्र होत नाही. झालीच तर सरकारनं सभागृहाचा विश्वास गमावला असं धरतात. अमेरिकेत २०२५ च्या ऑक्टोबरात खर्चाची मंजुरी अडली तेव्हा सरकारी कचेऱ्या ४३ दिवस बंद पडल्या आणि सरकार तसंच राहिलं. आपल्याकडे उलटं असतं. मंजुरी मिळाली नाही तर पंचच घरी जातात.

खासदार निधी वेगळा. तो वर्षाला पाच कोटी, आणि तोही याच बजेटमधून येतो. आता कुणाचा खासदार कोण, हे आधी बघा. जिल्ह्यात बेळगाव आणि चिक्कोडी हे दोन मतदारसंघ, पण खानापूर आणि कित्तूर उत्तर कन्नड मतदारसंघात जातात. खानापूरच्या माणसाचं गाऱ्हाणं कारवारकडच्या खासदारानं मांडायचं असतं. निवेदन घेऊन चुकीच्या दारात उभे राहिलेले लोक मी पाहिले आहेत.

## “घोषणा झाली होती की! काम कुठं आहे?”

इथं आपल्या भागाइतका चांगला धडा दुसरीकडे मिळणार नाही.

बेळगावहून धारवाडला रेल्वेनं जायचं तर लोंढ्याला वळसा. कित्तूरवरून सरळ जाणारा सुमारे ७३ किलोमीटरचा मार्ग मंजूर आहे. बेळगावचे खासदार सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री असताना त्याला गती आली, २०२० मध्ये ते वारले. त्यानंतर प्रश्न अडला तो जमिनीवर. गर्लगुंजी, नंदिहळ्ळी भागातल्या शेतकऱ्यांनी सुपीक जमीन जाते म्हणून विरोध केला. जमीन मिळवून द्यायचं काम राज्याचं. पैसे बजेटमध्ये दाखवलेले असले तरी रूळ टाकायला जागा लागते. दुसरं उदाहरण म्हादई नदीचं पाणी वळवायच्या कळसा-भांडुरा योजनेचं. २०१८ मध्ये लवादानं म्हादईच्या पाण्यातला कर्नाटकाचा वाटा १३.४२ टीएमसी ठरवला, २०२२ च्या राज्य बजेटमध्ये या योजनेसाठी १,००० कोटी जाहीर झाले, आणि कणकुंबीतलं काम वन आणि वन्यजीव परवानग्यांत अडकलं.

बजेटमधली तरतूद म्हणजे खर्च करायची परवानगी. सक्ती नव्हे. ३१ मार्चपर्यंत खर्च झाला नाही तर परवानगी संपते, पैसा पेटीत परत. म्हणून भाषणातलं वाक्य ऐकण्यापेक्षा तीन आकडे शेजारी ठेवून बघावेत: गेल्या वर्षी किती धरले, वर्षाच्या शेवटी सुधारून किती केले, आणि दोन वर्षांपूर्वी प्रत्यक्षात किती गेले. बजेटच्या कागदांत हे तिन्ही रकाने असतात. मामांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. रेल्वेच्या बाबतीत तर कामवार यादीच असते, तिला रेल्वेतले लोक ‘पिंक बुक’ म्हणतात. आपला भाग हुबळीच्या नैऋत्य रेल्वेत येतो. त्या यादीत आपल्या मार्गापुढे हजार रुपये दिसले तर समजायचं, नाव जिवंत ठेवलंय, काम नाही.

## “कर आमचा, जातो दिल्लीला. परत किती येतो?”

हा प्रश्न कर्नाटकात तापलेला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्यमंत्री सिद्धरामय्या मंत्रिमंडळ घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसले, घोषणा होती ‘नन्न तेरिगे, नन्न हक्कु’. माझा कर, माझा हक्क.

पण हे वाटप बजेटमध्ये ठरत नाही. दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमला जातो, तो ठरवतो. पंधराव्या आयोगानं वाटायच्या करांतले ४१ टक्के राज्यांना दिले. त्यात कर्नाटकाचा वाटा चौदाव्या आयोगाच्या वेळच्या ४.७१३ टक्क्यांवरून ३.६४७ वर आला. महाराष्ट्राचा ५.५२१ वरून ६.३१७ वर गेला. सीमेच्या या बाजूला राहून पलीकडचं मराठी चॅनेल लावणाऱ्याला दोन वेगळ्या बातम्या ऐकू येतात त्या यामुळे.

वाटा ठरवताना सगळ्यात जास्त, ४५ टक्के वजन होतं ते राज्याचं दरडोई उत्पन्न श्रीमंत राज्यांच्या किती मागं आहे याला. एकत्र कुटुंबात थोरला भाऊ नोकरीला लागला की धाकट्याच्या शिक्षणाचं बघतो, त्यातलं हे. पण थोरल्याची तक्रारही खोटी नसते: बेंगळुरूचा पगार बघून आख्ख्या राज्याला कमावतं धरलं, तर उत्तर कर्नाटकातल्या कोरडवाहू गावाचं काय? शिवाय केंद्र लावतं ते उपकर आणि अधिभार राज्यांशी वाटायच्या रकमेत धरतच नाहीत. एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ आहे. भांडायची जागा आयोगापुढे असते, बजेटच्या दिवशी ती वेळ गेलेली असते.

## ऊस, तंबाखू आणि ‘काय स्वस्त, काय महाग’

दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला हा चौकोन आता अर्धा रिकामाच असायला हवा. १ जुलै २०१७ पासून बहुतेक वस्तूंवरचा कर जीएसटी परिषद ठरवते, तीत केंद्राचे आणि राज्यांचे अर्थमंत्री बसतात. वर्षात केव्हाही.

उसाचा दरही बजेटमध्ये नसतो. एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचाच तो किमान दर, केंद्रीय मंत्रिमंडळाची समिती ठरवते. २०२५-२६ च्या हंगामाला ती १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी टनाला ३,५०० मागत बसले तेव्हा ३,३०० चा तोडगा निघाला तो राज्य सरकारकडून. या सगळ्यात लोकसभेचं मतदान कुठंच आलं नाही.

निपाणीला मात्र बजेटची ताकद जुन्या लोकांना ठाऊक आहे. एके काळी कच्च्या तंबाखूवर केंद्राची अबकारी होती आणि शेतकऱ्याच्या वखारीतल्या मालावर अबकारी खात्याची नजर असे. १९७९ च्या बजेटमध्ये अर्थमंत्री चरणसिंग यांनी हा कर काढून टाकला. वित्त विधेयकातल्या काही ओळींनी एका आख्ख्या तालुक्याच्या मानगुटीवरून इन्स्पेक्टर उतरला. भावाचा प्रश्न तसाच राहिला, म्हणून १९८१ चं आंदोलन झालं.

## “बहुमत सरकारचंच. मग हे सगळं नाटकच की!”

थोडं आहे. मार्च २०१८ मध्ये आणि मार्च २०२३ मध्ये गोंधळात लोकसभेनं एकाही मागणीवर चर्चा न करता सगळं बजेट मंजूर केलं. मला याचा राग येतो, आणि तो सरकार आणि विरोधक दोघांवर येतो. देवळातल्या सभेत कुणी वही न वाचता “मंजूर” म्हटलं असतं तर मागच्या आवाजानं पंचांना उठू दिलं नसतं.

राज्यातही यंत्र हेच. कर्नाटकाचं बजेट मार्चमध्ये बेंगळुरूत मांडलं जातं, मंजुरी विधानसभेची. हिवाळी अधिवेशन २०१२ पासूनच्या आपल्या सुवर्ण विधानसौधमध्ये भरतं, आणि आपल्याला त्यातलं दिसतं ते बंद केलेले रस्ते, बंदोबस्त आणि महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी मिळणार की नाही ही बातमी. पण त्याच अधिवेशनात पुरवणी मागण्याही येतात: मार्चमध्ये मंजूर केलेलं पुरलं नाही, आणखी द्या. राज्याच्या पेटीतला पैसा आपल्या हलग्याजवळ मोजला जात असतो आणि आपण ट्रॅफिकला शिव्या घालत असतो.

राहिला जमाखर्च. वर्ष संपलं की महालेखापाल हिशेब तपासतात आणि अहवाल संसदेपुढे येतो. तो लोकलेखा समितीकडे जातो: २२ खासदार, आणि १९६७ पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा. मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला असेल तर त्या जादा रकमेला कलम ११५ खाली लोकसभेकडून मागाहून मंजुरी घ्यावी लागते. पैसा गेलेला असतो, पण वहीत लाल शाईनं त्याचं कारण लिहावंच लागतं.

आमच्या यात्रेचा जमाखर्च वाचायला महिन्याभरानं देवळात सभा बसली तेव्हा निम्मं गाव आलंच नाही. मी वाचत गेलो. लाईटवर मंजुरीपेक्षा अकरा हजार चारशे जादा गेले होते. पंच म्हणाले, जनरेटरचं डिझेल. मागून तोच आवाज आला, “किती म्हटलासा? परत वाचा.” मी परत वाचलं.